आधी मोजा, मग बोला

अण्णांच्या सदऱ्याच्या खिशाला पेन नसतं, थर्मामीटर असतो. ताप बघायचा नव्हे. स्टीलची टोकदार दांडी आणि वर आकड्याची एवढीशी खिडकी, असला. तासगावच्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये अण्णांनी उभी हयात मशिनरूम सांभाळली. निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल-श्रीफळ मिळालं. थर्मामीटर त्यांनी आपल्या हातानं उचलून आणला, असं गल्लीत बोललं जातं. अण्णांना विचारलं तर म्हणतात, "उचलला कशाला? त्यो आपण हून आला."

हा थर्मामीटर कुठं कुठं बुडालाय याची यादी करण्यात अर्थ नाही. कार्यालयातल्या लग्नात आमरसाच्या पातेल्यात बुडालेला मी पाहिलाय, आणि आचाऱ्याचा चेहरासुद्धा पाहिलाय. बँकेत गेले की आधी एसीच्या झोतात दांडी धरणार, मग पासबुक पुढं करणार. एसटीत बसले की ड्रायव्हरच्या मागचं बाकडं धरून कान टवकारणार आणि पुढच्या थांब्यावर त्याच्या कानाशी जाऊन सांगणार, "गिअरबॉक्स न्हवं मर्दा, बेअरिंग हाय." ऋषिपंचमीला आमच्या गणपतीचा रथ निघतो. परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेल्या त्या देवळाच्या सात मजली गोपुरापुढं माणसाला पाय ठेवायला जागा नसते. दोरखंड ओढणाऱ्यांचा मोरयाचा गजर चाललेला असतो, सगळ्यांचे हात रथाकडं जोडलेले असतात, आणि अण्णा वाकून चाकाकडं बघत असतात. एकदा मी म्हटलं, "अहो, देवाकडं बघा." म्हणाले, "देव ठीक हाय. आसाचा आवाज ऐका."

कुठलंही यंत्र बिघडलेलं त्यांना चालतं. नीट तपासणी न होता ते दुरुस्त झालेलं मात्र चालत नाही. "आधी मोजा, मग बोला" हे त्यांचं ब्रीदवाक्य, आणि "हात लावू नका" ही त्याची प्रस्तावना.

अशा माणसासमोर आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी गेल्या उन्हाळ्यात एक वाक्य उच्चारलं. नवी मोठी गाडी घेतलेली. पुढच्या दोन सीटांना वेगवेगळं तापमान लावता येतं, असली. डॉक्टरांना १८ लागतं, वहिनींना २६. गाडी घेण्यामागं हेच मुख्य कारण होतं म्हणतात. आणि आता डॉक्टर म्हणत होते, "अण्णा, काहीही लावा, डावीकडं महाबळेश्वर आणि उजवीकडं जत!"

आम्ही हसलो. अण्णा हसले नाहीत. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "कवापासनं?"

त्यानंतरचा तास डॉक्टरांना जड गेला. आयुष्यभर दुसऱ्याची हिस्ट्री घेतलेल्या माणसाला स्वतः हिस्ट्री द्यावी लागली की तो कसा चुळबुळतो, हे त्या दिवशी कळलं. अचानक झालं की हळूहळू? गाडी थांबली की वाढतं का? ब्लोअरचा वारा दोन्हीकडं सारखा येतो का? सांगलीला जाताना होतं की येताना?

"जाताना-येताना काय संबंध?" डॉक्टर वैतागले.

संबंध होता. तासगावातनं सांगलीला जायचं म्हणजे दक्षिणेला तोंड. संध्याकाळी निघालात तर कवलापूर मागं पडेपर्यंत पश्चिमेचं ऊन उजव्या काचेतनं थेट ड्रायव्हरच्या मांडीवर. सकाळी तेच ऊन डावीकडं. म्हणजे निम्मी तक्रार सूर्याची असू शकते, आणि सूर्याला गॅरेजमध्ये नेता येत नाही. अण्णांनी डॉक्टरांना सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशी फेरी मारायला लावली, आणि सकाळच्या फेरीत डावीकडं ऊन असूनही उजवीकडंच उकडतंय म्हटल्यावर सूर्याला आरोपींच्या यादीतून काढलं.

पण सूर्यावरनं आणखी एक गोष्ट निघाली. अशा गाड्यांच्या डॅशबोर्डवर काचेजवळ गुंडीएवढा काळा उंचवटा असतो. तो ऊन मोजतो; ज्या बाजूला ऊन जास्त त्या बाजूला गाडी आपण होऊन जास्त गार करते. डॉक्टरांच्या गाडीत नेमकी त्या उंचवट्यावर वहिनींनी गणपतीची मूर्ती चिकटवली होती. अण्णा पेचात पडले. मूर्तीकडं बघत बराच वेळ उभे राहिले, एकदा हात जोडले, आणि मग हळूच म्हणाले, "वहिनी, देवाला जरा मधी घ्या की. इथं उनात बसलाय." वहिनींनी लगेच घेतलं. एवढं अवघड काम एवढ्या सोप्या वाक्यात कुणी केल्याचं मी क्वचितच पाहिलंय. फरक मात्र पडला नाही.

तोवर डॉक्टर एका मोठ्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरला जाऊन आले होते. तिथल्या पोरानं गाडी न उघडताच निकाल दिला होता: उजव्या बाजूची फ्लॅपची मोटर गेली, सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागेल. खर्चाचा आकडा ऐकून डॉक्टरांनाच घाम फुटला होता, आणि तो उजव्या बाजूला बसल्यामुळं नव्हता.

"डॅशबोर्ड उतरवायचा?" अण्णांचा आवाज चढला. "पोटात दुखतंय म्हणून कुणी आधी पोट फाडतं का वो, डॉक्टरसाहेब?"

मग त्यांनी आम्हा सगळ्यांना अंगणात उभं करून आतली रचना समजावली. नाव दोन झोनचं असलं तरी आत काही दोन एसी नसतात. गार करणारी कूलिंग कॉईल एक, इंजिनाच्या गरम पाण्यावर चालणारा हीटर एक. सगळा वारा आधी कॉईलमधनं गार होऊन येतो, मग दोन वाटांना फुटतो. प्रत्येक वाटेवर एक झडप, तिला एक चिमुकली मोटर. झडप जेवढी उघडेल तेवढा वारा हीटरवरनं फिरून गरम होतो. २६ मागितलं की जरा जास्त उघडते, १८ ला बंद. "म्हंजे वहिनींचं २६ हे गारच हाय," अण्णा म्हणाले, "फक्त परत तापवून दिलेलं." वहिनींना हे आवडलं नाही.

झडपेच्या मोटरीचे प्लॅस्टिकचे दाते झिजले की आतून टक टक टक आवाज येतो. अण्णांनी डॉक्टरांना आकडा वर-खाली करायला लावून स्वतः डॅशबोर्डला कान लावला. रस्त्यानं जाणाऱ्या दोघांनी चौकशी केली, काका बरे आहेत ना. टकटक आली नाही. मग दोन्ही बाजू एकदम गरमवर. दोन्हीकडनं सारखा गरम वारा. म्हणजे दोन्ही झडपा हलतात. मग दोन्ही बाजू एकदम गारवर, काचा बंद, आतलाच वारा फिरता ठेवून, आणि वाऱ्याच्या जाळीत थर्मामीटर. डावीकडं ७, उजवीकडं १५.

"आठाचा फरक," अण्णा म्हणाले. डोळ्यांत जी चमक आली ती सौद्याच्या दिवशी हिरवाकंच, मणीदार बेदाणा बघून व्यापाऱ्याच्या डोळ्यांत येते तसली.

कोण्या पाहुण्यानं मध्येच सुचवलं की फिल्टर घाण असेल. अण्णांनी त्याच्याकडं करुणेनं पाहिलं. "जाळी तुंबली की दोन्हीकडं वारा कमी येतो, दादा. एका अंगाला न्हाई." तरी हातासरशी सामानाच्या कप्प्यामागनं फिल्टर काढून झटकलाच, बागेच्या रस्त्यावरची शेरभर धूळ निघाली. स्टिअरिंगशेजारी गाडीतली हवा मोजणारी एक बारीक जाळी असते, तिच्या मागचा पंखा चालतोय का हे बघायला एसटीचं जुनं तिकीट तिच्यावर टेकवलं. तिकीट चिकटलं. तोही निर्दोष.

आता राहिला हीटर. उजवी झडप दिसायला हलते, पण पुरती मिटत नसेल आणि गरम वारा गळत असेल तर? यावर अण्णांनी जे केलं त्याला डॉक्टरांच्या घरात अजून माफी नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ते दारात हजर. रात्रभर उभ्या गाडीचं इंजिन थंड, म्हणजे हीटरमधलं पाणीही थंड. तेव्हा जर उजवीकडं गरमच आलं तर हीटर सुटला. डॉक्टर लुंगीवर उठून आले. गाडी चालू, एसी चालू, दोन मिनिटं. उजवीकडं डावीपेक्षा गरमच.

"झालं," अण्णा म्हणाले. "कॉईलच निम्मी गार हाय. गॅस कमी."

डॉक्टरांना पटेना. गॅस कमी असेल तर दोन्हीकडं कमी गार व्हायला हवं. इथं अण्णांची कोल्ड स्टोरेजमधली वर्षं बोलली. गॅस कॉईलमध्ये शिरतो तेव्हा पातळ असतो आणि जाता जाता उकळून वाफ होतो. उकळतो तिथं गारवा. पुरेसा असेल तर कॉईलभर उकळतो. कमी असेल तर निम्म्या वाटेतच संपतो, आणि उरलेली कॉईल नुसतीच बसून राहते. ज्या बाजूनं गॅस शिरतो ती बाजू गार, पलीकडची कोरडी. "पाटाला पाणी कमी आलं की शेवटच्या वाफ्याचं काय होतं?" असं म्हणून त्यांनी बॉनेट उघडायला लावलं. जाड पाईप गार पडून घामेजायला हवा होता. तो कोमट होता.

त्यांची खरी खंत वेगळीच होती. कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनिया. जरा गळला की डोळ्यांतून पाणी, खोकला, पळापळ. स्वतःच ओरडून सांगणार, मी गळतोय. "ह्या गाडीच्या गॅसला वासच न्हाई वो," ते हळहळले. "चोरासारखा जातो." पुढं त्यांनी टॉर्च घेऊन रेडिएटरसमोरचा कंडेन्सर तपासला आणि एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. तेलकट डाग, त्यावर धूळ बसलेली. ट्रॅक्टरच्या चाकाखालून उडालेला एखादा खडा पुरतो.

सांगलीला गॅसच्या दुकानात अण्णा सोबत गेले, मीही गेलो, कारण तिथं काय होणार याची मला कल्पना होती. कामावरच्या पोरानं गेजची नळी जोडली आणि म्हणाला, "प्रेशर बघून मारतो गॅस."

"हात लावू नको!" अण्णा कडाडले.

पोरगं दचकून मागं सरलं. प्रेशरवरनं गॅस आहे की नाही एवढं कळतं, किती आहे ते कळत नाही. किती ग्रॅम भरायचा ते बॉनेटखालच्या चिठ्ठीवर छापलेलं असतं. आहे तो सगळा मशीननं ओढून वजन कर, गळती काढ, आतली हवा उपस, मग वजनावर भर. जास्त झाला तरी गारवा जातो. "आमच्या तासगावात बेदाणा कुणी अंदाजानं घेतो काय? काट्यावरच घेतो." पोरानं मुकाट मशीन जोडलं. निघालेला गॅस चिठ्ठीवरच्या आकड्याच्या निम्म्याच्या जरा वर भरला. डाग होता तिथंच गळती निघाली. कंडेन्सर बदलला, वजनावर गॅस भरला, आणि निघताना त्याच पोरानं अण्णांना विचारलं, "आजोबा, तुमी रोज येता का हितं?" यात आमंत्रण किती आणि भीती किती, ते मला सांगता यायचं नाही.

परतीच्या वाटेवर डावीकडं ६, उजवीकडं ७. डॉक्टर खुशीत. अण्णा गप्प. दुरुस्तीनंतर त्यांना हे असं होतंच. घरातली बाई सांगते, दोन दिवस भाकरी कमी खातात. त्यांना जरा बोलतं करावं म्हणून मी सांगितलं की कारखान्यातून एसी बसवून आलेल्या पहिल्या गाड्या अमेरिकेत १९४० सालच्या, पॅकार्ड कंपनीच्या. त्यात एसी बंद करायला बटणच नव्हतं, गाडी थांबवून, इंजिन बंद करून कॉम्प्रेसरचा पट्टा काढावा लागायचा. आकडा लावला की गाडी स्वतःच गरम-गार सांभाळणार, ही सोय कॅडिलॅकनं १९६४ ला आणली. अण्णांनी मान डोलावली. "पट्टा काढायचाच बरा होता. भांडाण झालं की उतरायचं, पट्टा काढायचा, दोघांनी उकडून घ्यायचं."

वहिनींनी मागं वळून बघितलं. त्यांच्या बाजूला २६ लावलेलं होतं, तरी त्या पदर अंगभर घेऊन बसल्या होत्या. डॉक्टरांचं १८ चं वारं तिकडं जात होतंच. मध्ये भिंत नसते. हवेला कुणाची सीट कुठली ते कळत नाही. अण्णांनी मागच्या सीटवर, दोघांच्या बरोबर मध्ये थर्मामीटर धरला आणि खिडकीतला आकडा मला दाखवला. २२.

हे सगळं होऊन महिना झाला असेल. अण्णांना सकाळी उठताना चक्कर आली आणि घरच्यांनी त्यांना डॉक्टरांच्या दवाखान्यात नेऊन बसवलं. मी बाहेरच्या बाकावर होतो. दार अर्धवट उघडं. डॉक्टरांचा आवाज आज भलताच प्रसन्न होता. "हं अण्णा. कधीपासून? अचानक की हळूहळू? उठताना होतं की बसताना?" एकेक प्रश्न ते चवीनं विचारत होते. मग बीपीचा पट्टा गुंडाळला, फुगवला, सोडला. "१३८. गोळी सुरू करू या."

"हात लावू नका," आतून आवाज आला. "दुसऱ्या हाताला बघितलं का?"

"अण्णा, एका हाताला बघितलं तरी—"

"उजवीकडचं एकट्याचं बघून डॅशबोर्ड उतरवायचा का, डॉक्टरसाहेब?"

थोडी शांतता. दोन्ही हातांचं बीपी बघावं, फरक जास्त असेल तर पुढं तपासावं, हे डॉक्टरांना कुणी शिकवायला नको होतं. पण दवाखान्यात गर्दी होती. शेवटी पट्टा सोडल्याचा फर्र असा आवाज झाला आणि दुसऱ्या हाताला बांधल्याचाही झाला. १३२.

"सहाचा फरक," अण्णा समाधानानं म्हणाले. "चालतंय. आता उभं करून बघा. चक्कर उठतानाच येती न्हवं?" मग खिशातनं चाळशी काढून यंत्रावर वाकल्याचा आवाज. "आणि ह्ये मशीन शेवटचं कवा तपासून घेतलंय?"

बाहेर बाकावर माझ्या पुढं अजून सहा पेशंट होते.