मुक्काम पोस्ट अपडाऊन

फर्दापूरला येतात सगळे, राहत कुणी नाही. यात गावाचा काही दोष नाही, तो गावाचा धंदाच आहे. अजिंठ्याच्या लेण्यांकडे निघालेल्या प्रत्येकाला संभाजीनगर-जळगाव रस्त्यावरच्या टी पॉइंटला उतरावं लागतं. चित्रांना धूर लागू नये म्हणून स्वतःची गाडी इथे सोडायची, एसटीच्या बसमध्ये बसायचं आणि पुढचे चार किलोमीटर जायचं. लेणी बघून झाली की परत टी पॉइंट, एक चहा, नको नको म्हणताना गळ्यात पडलेली एक गारगोटी, आणि गाडी हायवेला. पाहुण्याचा फर्दापूरशी संबंध एवढाच.

पण पाहुण्याला नावं ठेवू नयेत. त्याच्यापेक्षा नेमाने येणारा आणि त्याच्यापेक्षा नेमाने परत जाणारा आणखी एक वर्ग आहे, त्याला मध्यमवर्ग म्हणतात. पाहुणा तिकीट काढून येतो, याला यायचा पगार मिळतो. लेणी सोमवारी बंद असतात, हा रविवारी. एवढे दोन फरक सोडले तर दोघांचीही नजर सारखीच घड्याळाकडे: शेवटची गाडी कितीला?

हे एकट्या फर्दापूरचं वर्णन आहे असं समजून बाकीच्या गावांनी खूश होऊ नये. मराठवाड्यात कुठेही बोट ठेवा, खाली हेच निघेल. मध्यमवर्गीय घरापुढे प्रश्न तीनच: कमवायचं कुठे, राहायचं कुठे आणि लेकरू शिकवायचं कुठे. आजोबांच्या काळी तिन्हींचं उत्तर एकच होतं, ‘इथंच, दुसरीकडे कुठं?’ आता तीन प्रश्नांना तीन गावं लागतात. कमाई फर्दापुरात, शाळा सिल्लोडला नाहीतर जळगावला, घर संभाजीनगरात. आणि प्रत्यक्ष आयुष्य अजिंठ्याच्या घाटात, एका ट्रकच्या मागे.

उदाहरणाला गुरुजी घेऊ. गुरुजी घेतले की ग्रामसेवक, तलाठी, बँकेतले साहेब आणि दवाखान्यातले डॉक्टर वेगळे घ्यावे लागत नाहीत. नियम असा, की कर्मचाऱ्याने मुख्यालयी राहावं. राहिल्यास घरभाडे भत्ता मिळेल. सातवा वेतन आयोग २०१९ मध्ये राज्यात लागू झाला, तेव्हा या भत्त्यासाठी गावांच्या एक्स, वाय आणि झेड अशा तीन जाती होत्या. मुंबई-पुण्याला २४ टक्के, संभाजीनगरसारख्या शहराला १६ आणि फर्दापूरसारख्यांना ८ टक्के, असे सुरुवातीचे दर होते. म्हणजे सरकारनेच गावाला इंग्रजी बाराखडीतलं शेवटचं अक्षर द्यायचं, आणि गुरुजींनी मात्र त्या अक्षरावर जीव लावून तिथे संसार थाटायचा!

तर गुरुजी राहतात की नाही, हे तपासायचं कसं? २०१९ च्याच परिपत्रकाने यावर रामबाण शोधला: ग्रामसभेचा ठराव. अमुक गुरुजी आमच्या गावात राहतात, असं गावाने एकमताने ठरवायचं. लोकशाहीची ताकद बघा. ग्रामसभेने ठराव करून गावाला कधी पाणी आलं नाही, रस्ता आला नाही. पण माणूस राहायला आला. ठरावाची प्रत पिशवीत टाकून तो साडेपाचच्या गाडीने घरीही गेला.

गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी २०२२ मध्ये हा विषय विधानसभेत काढला, तेव्हा शिक्षक चिडून रस्त्यावर उतरले. गुरुजींच्या बाजूनेही बोलण्यासारखं बरंच होतं. भाड्याने मिळावं असं घर गावात नसतं, बायकोची नोकरी दुसऱ्या तालुक्यात, आईचा दवाखाना तिसऱ्या. शिवाय मतदार याद्या, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं यातून वेळ उरला तरच शिकवणं. सगळं खरं. मुख्यालयी राहण्याची अट मतदारसंघाच्या आमदाराला नसते, हेही खरं. वाद विझला, कारण त्यात दोन्हीकडे अपडाऊनवालेच होते.

आता शहरातल्या घराकडे येऊ. लग्नाच्या बैठकीत पूर्वी विचारायचे, ‘जमीन किती?’ आता विचारतात, ‘संभाजीनगरला प्लॉट आहे का?’ फर्दापुरात पाच खोल्या, पुढे अंगण, मागे गोठा, दारात लिंबाचं झाड असलं तरी त्याला ‘गावाकडचं घर’ म्हणतात. म्हणजे हिशेबात न धरण्याचं. शहराच्या कडेला वीस बाय तीसचा तुकडा असला, की स्थळ चांगलं. सहाशे चौरस फूट! एवढ्या जागेत गावाकडे म्हैस बांधली तर ती हंबरून शेजाऱ्यांकडे तक्रार करेल.

या तुकड्याची कुंडली मोठी रंजक असते. सातबारा एकाच्या नावावर, ताबा दुसऱ्याचा, पैसे तिसऱ्याचे आणि व्यवहार बॉण्डवर. शंभराच्या मुद्रांकावर अख्खी वसाहत उभी राहिलेली या शहराने पाहिली आहे. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या जागी पाचशेचा मुद्रांक आला. विश्वासाची किंमत एका रात्रीत पाचपट झाली; विश्वास होता तेवढाच राहिला. अशा घरांना पावन करून घेण्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा झाला, आणि २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत ओढली. आधी घर बांधा, मग रस्ता शोधा, मग पावती फाडा, मग नगरसेवक निवडा, या क्रमाला नगररचना म्हणतात.

आणि पाणी? वाघूरच्या काठचं गाव सोडून माणूस अशा शहरात जातो, जिथे नळाला पाणी येण्याचा दिवस सणासारखा येतो. आठवडाभर वाट बघायची आणि आलं की सगळी कामं बाजूला ठेवून ड्रम, टाकी, पातेली, बादल्या भरायच्या. ‘आज आमचं पाणी आहे’ हे कारण सांगितलं की सख्ख्या साडूच्या मुलीच्या साखरपुड्यालाही सूट मिळते. जायकवाडीहून पाणी आणायची नवी योजना १६८० कोटींची होती, ती २७४० कोटींवर गेली. पैसा चढावर चढला, पाण्याचं तेवढं राहिलं. तरी कुणी म्हणत नाही की चुकलं. म्हणतात, ‘आमचं काय, आमचं भागलं असतं गावात. लेकराचं बघायला नको?’

लेकराचं बघू. सकाळी गुरुजी शहराकडून गावाकडे येतात, त्याच वेळी गावातून शाळांच्या पिवळ्या गाड्या शहराकडे निघतात. घाटात दोघांची भेट होते. गुरुजी ज्या लेकरांना शिकवायला निघालेत, त्यांतली निम्मी खिडकीतून त्यांना टाटा करत असतात. त्यांच्या आईबापांचा गुरुजींवर विश्वास नाही असं मुळीच नाही. उलट त्यांचा गुरुजींवर पूर्ण विश्वास आहे. गुरुजींनी स्वतःचं लेकरू जिथे घातलं, तिथेच ते आपलं घालतात. जाणकार माणसाच्या पावलावर पाऊल टाकावं, हा संस्कारही बहुधा त्याच शाळेतला.

टी पॉइंटवरचा दुकानदार घ्या. शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेला हा माणूस गारगोटीचा भाव इंग्रजीत सांगतो, जपानीत उतरवतो आणि गिऱ्हाईक पाठ फिरवून निघालं की हिंदीत हळहळतो. भाषा शिकण्याची जगातली सगळ्यात जुनी पद्धत त्याच्या गाळ्यात फुकट चालू आहे. तो मात्र सीझनमधली कमाई पोराच्या इंग्रजी शाळेत भरतो. पोर तिथून ‘मे आय गो टू टॉयलेट’ शिकून येतं आणि बाप कृतार्थ होतो. हंगाम ऑक्टोबर ते मार्च, फी मात्र बारमाही. करोनाच्या काळात लेणी बंद होती, तेव्हा दोनच गोष्टी चालू राहिल्या: ऑनलाइन वर्ग आणि फीचे मेसेज.

अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये एक भन्नाट आदेश दिला होता. सरकारी पगार घेणाऱ्यांनी, अगदी लोकप्रतिनिधी आणि न्यायाधीशांनीही, आपली मुलं सरकारी प्राथमिक शाळेत घालावीत, म्हणजे शाळा आपोआप सुधारतील. निकाल वाचून देशभरातल्या मध्यमवर्गाने टाळ्या वाजवल्या. मग आपल्यालाही तो लागू पडू शकतो हे ध्यानात आलं, आणि टाळ्या वाजवणारे हात खिशात गेले. खिशात फीची पावती होती.

ज्यांना फी झेपत नाही त्यांच्यासाठी शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागा आहेत. त्यात घर शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असलेल्यांना प्राधान्य मिळतं. म्हणून मराठी माणूस अर्जातल्या नकाशावर घराची टाचणी अशी रोवतो, की भूमापन खात्याने शिकवणी लावावी. भाडेकरार शाळेच्या फाटकाजवळचा, झोपायला गावाकडे. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारने नियम बदलला: जवळ सरकारी शाळा असेल तर खासगी शाळेवर या जागांचं बंधन नाही. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. तोवर पालकांनी टाचणी तीनदा हलवली होती.

या जागांतल्या आर्थिक दुर्बल गटासाठी वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत लागतं. इथून पुढे मध्यमवर्गाचं खरं कौशल्य सुरू होतं. शाळेच्या अर्जात उत्पन्न एक लाख. लाडक्या बहिणीसाठी अडीच लाखांच्या आत. शहरी घरकुल योजनेच्या नव्या टप्प्यात मध्यम उत्पन्न गट म्हणजे सहा ते नऊ लाख, त्यामुळे तिथे नऊच्या आत. आरक्षणात आर्थिक दुर्बल ठरायला आठ लाखांच्या आत. बँकेत गृहकर्ज मागताना मात्र मिशीला पीळ: ‘साहेब, दुकानाचं, शेतीचं, मिसेसच्या शिवणकामाचं धरून दरमहा लाखभर सहज!’ आणि २०२५ च्या अर्थसंकल्पाने बारा लाखांपर्यंत आयकर नाही असं सांगितलं, तेव्हा या सगळ्या लखपतींना आणि दुर्बलांना एकाच वेळी आनंद झाला, कारण ते सगळे एकाच घरात राहतात. फर्दापूर ज्या तालुक्यात येतं त्या सोयगावच्या तहसीलमधून निघालेला उत्पन्नाचा दाखला ही मराठीतली सर्वांत छोटी कादंबरी आहे. तिची रोज नवी आवृत्ती निघते.

पण एकट्या मध्यमवर्गाला का हसायचं? सरकारही मध्यमवर्गीयच. जपानकडून कर्ज काढून त्याने इथेच, टी पॉइंटजवळ अजिंठा अभ्यागत केंद्र उभारलं. २०१३ मध्ये ते उघडलं. आत लेणी क्रमांक १, २, १६ आणि १७ च्या हुबेहूब प्रतिकृती. चार किलोमीटरवर अस्सल असताना इथे नक्कल कशाला, असं विचारू नका. दिवाणखाना पाहुण्यांसाठी असतो. पुढे पाण्याची आणि विजेची बिलं थकली आणि दिवाणखान्याला कुलूप लागलं. हप्त्यावर सोफा घ्यायचा आणि लाइटबिलाला खिसे चाचपायचे, हा आमचा घराघरातला वारसा जागतिक दर्जाच्या इमारतीत जपल्याबद्दल शासनाचे आभार.

खरं सांगायचं तर या परिसरात घर, शाळा आणि उदरनिर्वाह एकाच पत्त्यावर आणणारी योजना होऊन गेली आहे. विहार म्हणजे राहायची जागा आणि शिकायचीही. लेणी क्रमांक १२ मधल्या खोलीत दोन दगडी ओटे, दोघांची सोय, वन आरके. पावसाळ्यात भिक्खू इथे वर्षावासाला असत. मुख्यालयी राहण्याचा नियम पाळला गेल्याचा या भागातला हा सर्वांत जुना पुरावा. सोळाव्या लेण्याचा खर्च वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने उचलला आणि तसा लेख भिंतीवर कोरला. हरिषेण गेल्यावर दात्यांचा हात आखडला आणि कामं थांबली असं अभ्यासक मानतात. २४ क्रमांकाचं भलंमोठं लेणं आजही अपुरं आहे. छिन्नीच्या खुणा तशाच, ताब्याची तारीख नाही. बिल्डरांवर नजर ठेवणारं महारेरा २०१७ मध्ये आलं, त्यांना जरा उशीरच झाला.

वराहदेवाचं मला एकाच गोष्टीसाठी कौतुक आहे. पैसे कुणाचे हे त्याने लपवलं नाही. आता आपला हिशेब तपासू. पहिली ते पाचवीच्या शाळेत साधारण तीस लेकरांमागे एक शिक्षक मंजूर होतो. पट टिकला तर पद टिकतं, पद टिकलं तर पगार निघतो, पगार निघाला तर फ्लॅटचा हप्ता आणि पोराच्या इंग्रजी शाळेची फी. आणि पट टिकवतं कोण? ज्याच्या बापाला पिवळी गाडी परवडत नाही, ज्याला नकाशावर हलवायला टाचणी नाही, आणि ज्याचा सगळा मुक्काम फर्दापुरातच आहे, ते लेकरू. कापूस वेचायला गेलेल्या आईने सकाळी त्याचं डोकं विंचरून त्याला शाळेत धाडलेलं असतं. ते ‘हजर गुरुजी’ म्हणतं, आणि शंभर किलोमीटरवर एका बँकेत हप्ता जमा होतो.

तेव्हा गुंठेवारीच्या पुढच्या सुधारणेत एक कलम घालावं अशी माझी नम्र सूचना आहे. घर नियमित करून देताना दारावर लेख कोरणं बंधनकारक करावं. साहेब-मॅडमची नावं खुशाल सोनेरी अक्षरांत असू द्यात. फक्त त्यांच्या वर, वराहदेवाच्या जागी, हजेरीपटावरची तीस नावं लिहावीत. घर त्यांच्या खर्चाने झालंय.