आयटी की आयटीआय?

धामणगाव बढे गावाच्या पारावर कोणी "पोरगं काय करते?" म्हणून विचारलं आणि बापानं "आयटीत एम.टेक. करते" असं सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे आयटीआय का?" आता काय सांगावं? इलेक्ट्रिशियनचा आयटीआय दोन वर्षांचा, एम.टेक.ही दोनच वर्षांचं. उलट विहिरीवरची मोटर जळाली की आयटीआयवाल्याला लोक घरी शोधत येतात. एम.टेक.वाल्याला अजून कोणी शोधलेलं नाही.

त्यात बी.ई.ची चार वर्षं आधीच गेलेली. मग गेटची प्रवेश परीक्षा. गेट म्हटलं की आमच्याकडे रेल्वेचं फाटकच आठवतं, आणि तेही बंद असलेलं. पण ते उघडून प्रवेश मिळाला, तर महिन्याला 12,400 रुपये विद्यावेतन; ही बातमी मात्र तालुक्याच्या गावी, मोताळ्यापर्यंत लगेच पोचते. प्रबंधाचा विषय 'क्लाउड'. जूनमध्ये सारं गावच आभाळाकडे डोळे लावून असतं, त्यामुळे एवढा एक विषय कोणाला समजावावा लागत नाही.

फक्त एक विनंती. पोरगं सुट्टीत आलं की पीकविम्याचे फॉर्म घेऊन त्याच्या दारात रांग लावू नका. सर्व्हर बंद असला, तर तेही तुमच्यासारखंच बसून राहतं.