नॉर्टनकाका

सेंट लुईसच्या मराठी मंडळात त्यांचं खरं नाव फक्त वर्गणीच्या पावतीवर सापडतं. एरवी ते नॉर्टनकाका. नॉर्टन हे एका काळ्या द्राक्षाचं आणि त्याच्या वाइनचं नाव. आमच्या मिसुरी राज्याचं ते अधिकृत द्राक्ष आहे, आणि हे अधिकृतपण राज्यापेक्षा काकांनीच जास्त मनावर घेतलंय.

मुळात हा माणूस हरणाऱ्याच्या बाजूचा. निवडणुकीत ज्याचं डिपॉझिट जाणार, त्याच्यावर यांचा जीव. मॅचमध्ये फॉलोऑन मिळालेला संघ यांचा. पंगतीत सगळे श्रीखंडाला नावाजत असताना हे पंचामृत मागून घेतात आणि ‘याला मेलं कुणी विचारतच नाही’ म्हणून हळहळतात. असा माणूस अमेरिकेत येऊन वाइनच्या नादी लागला, तर तो कॅलिफोर्नियातल्या नावाजलेल्या नापा व्हॅलीकडे कशाला बघेल?

मध्यंतरी एका तरुण जोडप्याच्या नव्या घरी जेवण होतं. यजमानाने नापाची कॅबर्ने काढली. किमतीचं लेबल काढायचं ‘राहून गेलं’ होतं. सगळ्यांनी आधी ते वाचलं, मग वाइन चाखली, मग माना डोलावल्या. काकांनीही घोट घेतला.

‘छान आहे हो. नवीन मंडळी आहेत, पण मेहनती आहेत.’

नवीन? यजमानाचा चेहरा उतरला.

‘मग! द्राक्षाचा प्रदेश म्हणून सरकारी शिक्का अमेरिकेत सगळ्यात आधी कुणाला मिळाला? आपल्या मिसुरीतल्या ऑगस्टाला. 20 जून 1980. नापाला 1981 उजाडावं लागलं.’ आठ महिन्यांचं हे थोरलेपण काका अशा तोऱ्यात सांगतात, की ऑगस्टा त्यांचं आजोळ असावं.

24 मे 1976 रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी लेबलं झाकून वाइन चाखली आणि पांढऱ्यात, तांबड्यात, दोन्हींत कॅलिफोर्नियाला पहिलं काढलं. जगाला याचं केवढं कौतुक! काकांच्या लेखी तो काळा दिवस. ‘अमेरिकन वाइन म्हणजे कॅलिफोर्निया, हे तेव्हापासून ठरूनच गेलं. बाकीच्यांनी काय घोडं मारलं होतं?’

एवढं झालं की गाडी सिनसिनाटीला जाते. युरोपातून आणलेल्या वेली अमेरिकेच्या पूर्वेला तग धरत नव्हत्या. खुद्द जेफरसनने मॉन्टिचेलोला खटपट करून हात टेकले. मग सिनसिनाटीच्या निकोलस लाँगवर्थ या वकिलाने ओहायो नदीकाठच्या उतारांवर इथल्याच मातीतलं कॅटॉबा द्राक्ष लावलं आणि 1840च्या दशकात त्याची फसफसती वाइन काढली. कवी लाँगफेलोने तिच्यावर कविता केली. पुढे मळ्यांवर रोग पडला आणि कॅटॉबाचं राज्य बुडालं. इथे काका थांबतात. ऐकणाऱ्याने ‘अरेरे’ म्हणायचं असतं.

त्याहून मोठं ‘अरेरे’ हर्मनसाठी राखून ठेवावं लागतं. हे मिसुरी नदीवरचं जर्मनांनी वसवलेलं गाव. तिथल्या 1847 सालच्या स्टोन हिल वायनरीचा पार व्हिएन्नाच्या प्रदर्शनापर्यंत बोलबाला. 1920 मध्ये दारूबंदी आली आणि त्या भव्य तळघरांत काय पिकू लागलं? ‘अळंबी!’ पानिपतानंतर एवढा घायाळ उद्गार मराठीत निघाला नसेल. काकूंना मात्र दारूबंदीतली वेगळीच गोष्ट आवडते. तेव्हा द्राक्षरसाच्या आटवलेल्या विटा मिळत. ‘पाण्यात कालवून कपाटात ठेवून देऊ नका, नाहीतर वाइन होईल’ अशी त्यांवर ताकीद असे. ‘पाककृती कशी लिहावी, तर अशी,’ काकू म्हणतात.

काकांकडे गेलं की नॉर्टन चुकत नाही. शाईसारखी काळी-जांभळी. पहिल्या घोटाला जबड्याच्या सांध्यात आंबट कळ, दुसऱ्याला दात जांभळे. तिसरा पाहुण्यांनी आपापल्या जबाबदारीवर घ्यायचा. काका स्वतः दोनावर थांबतात. त्यांना ॲसिडिटी आहे. वाइनपेक्षा तिच्यावर झालेला अन्याय त्यांना जास्त चढतो.

काँकॉर्डच्या गोड वाइनीचंही तसंच. बाटली उघडली की लहान मुलांच्या जांभळ्या गोळ्यांचा वास येतो. साहजिकच आहे, गोळ्यांत घालतात ते मिथाइल अँथ्रानिलेट या द्राक्षात उपजतच असतं. जाणकार नाक मुरडतात. काका डोळे मिटतात. आपल्याकडचं काळं बंगळुरी द्राक्षही याच गोतावळ्यातलं, मूळ अमेरिकेचं इसाबेला. गोव्याच्या गोड पोर्ट वाइनीत तेच जातं. ‘म्हणजे पणजीला बसून तुम्ही अमेरिकाच पीत होतात!’ असं ऐकवून काकांनी म्हापशाच्या एका गृहस्थांना गप्प केलंय.

काका मूळचे तासगावचे. धाकट्या भावाची तिथे द्राक्षबाग आहे, डॉगरीज खुंटावरची. हा खुंट टेक्सासच्या रानवेलींतला, हे कळल्यापासून काकांना भाऊ नव्याने आवडू लागला. फिलॉक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सच्या बागा मुळासकट खाल्ल्या, तेव्हा अमेरिकन खुंटांवर कलमं बांधून त्या वाचल्या. टेक्सासचे टी. व्ही. मन्सन यांचा फ्रेंच सरकारने 1888 मध्ये सन्मान केला. ही कीड अमेरिकेतूनच तिकडे गेली होती, एवढा भाग काका खोकल्यात उरकतात. हे सगळं फोनवर ऐकून भाऊ म्हणाला, ‘दादा, खुंट कुठलाबी असू दे, बेदाण्याचा दर पडलाय त्याचं बोला.’

शेवटी काकांनी घरीच पॅरिस भरवायचं ठरवलं. बाटल्यांना ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळलं, नंबर टाकले, मार्कांचे कागद वाटले. नापाची कॅबर्ने, नॉर्टन, कॅटॉबा, नॉर्थ कॅरोलिनाची स्कपरनाँग, शिवाय माउई बेटावरची अननसाची वाइन. काकूंनी बटाटेवडे तळले होते, आणि निकाल वड्यांनीच लावला. अननस पहिला, निर्विवाद. नापा तिसरी आली. पण आनंद साजरा करायला काकांना सवड मिळाली नाही, कारण नॉर्टन शेवटची होती. शेऱ्याच्या रकान्यात कुणीतरी लिहिलं होतं, ‘कोकमात काहीतरी पडलंय.’

दुसऱ्या दिवशी काकांनी अननसाची उरलेली बाटली शेजाऱ्याला देऊन टाकली.

‘अहो, सगळ्यांना आवडली ना ती?’ काकूंनी विचारलं.

‘म्हणूनच. पहिली आली, आता तिला माझी काय गरज?’ काका नकाशात उत्तरेकडे बोट सरकवत होते. ‘नॉर्थ डकोटात रूबार्बची वाइन करतात म्हणे. आंबट देठ असतात. लोक हसतात तिला.’

‘आंबटच हवं असेल तर फ्रीजमध्ये अंबाडी आहे,’ काकू म्हणाल्या, ‘तिलाही कुणी विचारत नाही.’