हायस्कूलच्या चित्रांचे परीक्षण: पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

हायस्कूलच्या चित्रकला स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावणे आले तर घाबरू नये. चित्रकला यावी लागत नाही. मी बँकेतून निवृत्त झालो आणि वर्षभरात तीन शाळांनी बोलावले, ते केवळ माझे अक्षर बरे आहे म्हणून. सोबतचे परीक्षक बहुधा फ्लेक्सच्या दुकानाचे मालक असतात. त्यांचा शब्द शेवटचा मानावा, कारण स्पर्धेचा बॅनर त्यांनी फुकट दिलेला असतो.

पोशाख झब्बा. खांद्याला शबनम असल्यास उत्तम, आत काही असण्याची गरज नाही.

वर्गात शिरल्यावर बाकांवर एकशेचाळीस पाव कागद मांडलेले दिसतील. आधी एक फेरी हात मागे बांधून, काहीही न बोलता मारावी. दुसऱ्या फेरीत एका चित्रापाशी थांबून डोळे बारीक करावेत, मान डावीकडे कलती करावी आणि ‘हं’ म्हणावे. ड्रॉइंगचे सर लगेच सांगतात, “हा आपला इंटरमिजिएटचा विद्यार्थी.” चित्र कोणाचे हे परीक्षकांना कळू नये म्हणून नाव मागच्या बाजूला लिहिलेले असते. ही गुप्तता इथवरच टिकते.

आता चित्रांचे प्रकार. पाचवी ते सातवीच्या गटात दोन डोंगर, मधून सूर्य, झोपडी, नदी आणि चारच्या आकड्यांचे पक्षी. तालुका तळहातासारखा सपाट असला तरी डोंगर दोनच. आठवी ते दहावीत मुले प्रगल्भ होतात आणि पृथ्वीला रडवतात. नळाला पृथ्वी लटकते, पृथ्वीला थर्मामीटर लागतो, झाड अर्धे हिरवे आणि अर्धे वाळके असते. विषय ‘माझा आवडता सण’ असला तरी दोन-तीन पृथ्व्या रडत येतातच. त्यांना विषयाचे पाच गुण कमी करावेत आणि स्वच्छतेत भरून द्यावेत.

इथे थोडे थांबून इंटरमिजिएटचे प्रकरण समजून घ्यावे, कारण त्याशिवाय हायस्कूलचे चित्र कळत नाही. आपल्या कला संचालनालयाच्या दोन ग्रेड परीक्षा असतात, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. इंटरमिजिएटच्या ए, बी, सी ग्रेडला दहावीत अनुक्रमे ७, ५, ३ गुण वाढवून मिळण्याची सोय झाली, आणि ज्या घरात भिंतीवर रेघ मारली म्हणून मुलाने मार खाल्ला होता, त्याच घरातून त्याची रविवारी सकाळी क्लासला रवानगी होऊ लागली. या परीक्षांत स्मरणचित्र नावाचा एक पेपर असतो. पाहिलेला प्रसंग आठवून काढायचा, अशी त्यामागची कल्पना. क्लासमध्ये स्मरणशक्तीची तयारी चोख होते: फुगेवाला, रंगपंचमी, बागेत खेळणारी मुले. सरांनी फळ्यावर काढलेली तीन चित्रे, तीस-तीस वेळा. मुलांना खरोखरच आठवते, पण सरांचे चित्र आठवते. फुगेवाल्याचा डावा पाय पुढे का, असे एकाला विचारले तर म्हणाला, “उजवा शिकवलेला नाही.”

यावरून परीक्षकाने एक सोपी युक्ती शिकावी. एकाच क्लासची मुले ओळखायची तर पाय पाहावेत. पालकांचा हात ओळखायचा तर मात्र आकाश पाहावे. मुलांचे आकाश वरच्या चार बोटांत संपते, आईचे आकाश क्षितिजाला टेकते, आणि कागद एकदाही चुरगळलेला नसतो. ओळखल्यावर काही करू नये. आई पहिल्या रांगेत बसलेली असते.

गुण देण्यासाठी तक्ता मिळतो: विषय, रेखाटन, रंगसंगती, मांडणी, स्वच्छता. प्रत्येकी २०. पहिले चार रकाने वादाचे आहेत, त्यात सगळ्यांना १५ ते १७ च्या दरम्यान ठेवावे. निकाल पाचव्यावर लावावा. डाग दिसतो, त्याला कला कळावी लागत नाही.

मागच्या खेपेला विषय होता ‘पावसातला बाजार’. एकशेचाळीस कागदांवर मिळून चारशे तरी छत्र्या असतील, सगळ्या उघड्या, सगळ्या लाल-निळ्या, आणि एकाही माणसाचा पाय भिजलेला नाही. खिडकीपाशी एक चित्र होते, नववीतल्या मुलीचे. त्यात छत्री नव्हती. भाजीच्या पालावरचे निळे प्लास्टिक मधोमध पाण्याने फुगून म्हशीच्या पोटासारखे खाली आले होते, आणि एक बाई पाठमोरी, टाचा उचलून, बांबूने ते पोट वर ढकलत होती. पलीकडे पाणी धबाधबा पडत होते, आणि त्या बाजूच्या गवारवाल्याने आपला तराजू तेवढा मागे ओढून घेतला होता. गवार भिजली तर भिजो. निळा रंग संपला असावा, कारण प्लास्टिकच्या कोपऱ्यात जांभळा होता. खाली उजवीकडे अंगठ्याचा ठसा, मातकट.

मी तिथे जरा जास्तच थांबलो. नवशिक्याने ही चूक टाळावी. फ्लेक्सवाले मागून आले, म्हणाले, “बाईला तोंडच नाही.” मी म्हटले, पाठमोरी आहे. “तेच तर. तोंड जमत नाही म्हणून पाठमोरी. आणि हा डाग बघा.” डाग होताच. रेखाटनाला ७, स्वच्छतेला ६. माझ्या हातात पेन होते आणि माझे अक्षर बरे आहे, म्हणून आकडे मीच लिहिले. बेरीज ६१. उत्तेजनार्थ. पहिला नंबर ८४, छत्र्या अकरा.

समारंभात परीक्षकाला दोन शब्द बोलावे लागतात. ते वीस मिनिटांचे असावेत. मुलांची चित्रे मनावर घेतली जातात हे सांगायला शंकर्स वीकलीच्या शंकर यांनी १९४९ साली सुरू केलेल्या मुलांच्या स्पर्धेचा दाखला द्यावा, लोक माना डोलावतात. सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचे नावही घ्यावे. त्यांनी स्वतःच्या मुलीला हातात दिवा घेऊन उभे केले आणि जलरंगात ते चित्र रंगवले, आज ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. प्रमुख पाहुणे आपल्या भाषणात ते राजा रविवर्म्याचे म्हणून सांगतील. म्हैसूरला जाऊन आलेले निम्मे लोक तसेच सांगतात, तेव्हा दुरुस्त करू नये. शाल अजून मिळायची असते.

बक्षिसे खालून वर वाटतात: आधी उत्तेजनार्थ, प्रमाणपत्र आणि स्केचपेनचा बारा रंगांचा संच, मग तिसरा, दुसरा, आणि पहिल्याला पोस्टर कलरची मोठी पेटी व ढाल. प्रमाणपत्रावर नाव चुकलेले असते, ते पेनने दुरुस्त करण्याचे काम बरे अक्षर असणाऱ्याकडे येते.

ते करत असतानाच ती मुलगी टेबलापाशी आली. नाव दुरुस्त करून घेतले, शाई वाळेपर्यंत फुंकर मारली, आणि विचारले, “सर, मला किती मार्क होते?”

खरे सांगू नये. मी सांगितले, एकसष्ट.

“आणि पहिल्याला?”

“चौऱ्याऐंशी.”

तिने मनातल्या मनात वजाबाकी केली. “मग तेवीस कशाचे गेले?”

अशा वेळी खांद्यावरची शाल सावरावी, शिपायाला हाक मारून चहा झाला का ते विचारावे, आणि तिकडे चालू लागावे.