बंडखोराच्या अंगावर शाल

सातारा-सांगली पट्ट्यातल्या बंडखोर लेखकाचं पुस्तक गाजलं की पहिला त्रास शालीचा होतो. तोवर त्याचं बरं चाललेलं असतं. प्रस्थापितांना शिव्या, चहा उधारीवर. मग पुरस्कार जाहीर होतो आणि संध्याकाळी दारात पतसंस्थेचे चेअरमन उभे. मागे हेडमास्तर, एके काळी यांनीच त्याला वर्गाबाहेर काढलेलं.

नकार द्यायची परंपरा त्याला पाठ असते. मूळचे साताऱ्याकडच्या कटगुणच्या घराण्यातले जोतीराव फुले. 1885 साली रानड्यांच्या ग्रंथकार सभेला त्यांनी खरमरीत पत्र पाठवून नकार कळवला. आपला लेखकही तसंच पत्र लिहायला बसतो. पण फुल्यांच्या दारात चेअरमन गाडी चालू ठेवून थांबले नव्हते.

दुसरा आदर्श सांगलीजवळच्या नांद्र्याचे राजा ढाले. लघुअनियतकालिकं काढणारा, 1969 मध्ये ‘सत्यकथा’ मासिकाची होळी करणाऱ्यांतला हा माणूस 15 ऑगस्ट 1972 ला ‘साधने’तल्या ‘काळा स्वातंत्र्यदिन’ या एका लेखाने महाराष्ट्रभर पोचला. पोलीस, मोर्चे, निषेध, सगळं झालं. एवढ्या प्रसिद्धीनंतर माणूस जरा सांभाळून बोलतो. ढाले उलटे. दोनेक वर्षांत दलित पँथरमधल्याच नामदेव ढसाळांशी आंबेडकर की मार्क्स यावरून जाहीर भांडण, आणि संघटना फुटली. अशा माणसाला हार घालायला जाणाराही आधी आपली भूमिका तपासून घेत असणार!

पण सगळ्याच बंडखोरांनी नकार दिला नाही. ढसाळांना 1999 मध्ये पद्मश्री मिळाली. साहित्य संमेलनं हा रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणणाऱ्या भालचंद्र नेमाड्यांनी 2014 चं ज्ञानपीठ घेतलं. आपला लेखक नेमाड्यांचं मत भाषणात सांगतो आणि ज्ञानपीठ मनात ठेवतो. विद्रोही संमेलनाला जावं म्हटलं, तर तिथेही अध्यक्ष असतो, उद्घाटक असतो, मांडव असतो.

शेवटी तो अट घालतो: हार नको, पुस्तकं द्या. चेअरमन मान डोलावतात. पुस्तकं येतात, हारही येतो, कंदी पेढ्यांचा पुडा येतो. मग तो सत्काराच्या संस्कृतीवर पाऊण तास आग ओकतो. सगळ्यात जोरात टाळ्या चेअरमनच्या.

जेवणाच्या पंगतीतच पुढच्या वर्षीच्या व्याख्यानमालेची तारीख ठरते.

“सर, इशय मात्र ह्योच ठेवा,” चेअरमन भाकरी मोडत सांगतात, “लोकांस्नी लई आवडला.”