नवतपा आणि पस्तीस अंश

गेमिंगचं यंत्र घ्यायचं तर दुबळं घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. त्याचा पुरावा कंपन्यांनीच छापून दिलाय, तोही खोका उघडल्याबरोबर बाजूला फेकल्या जाणाऱ्या माहितीपुस्तिकेत. प्लेस्टेशन ५ वापरायचा तो ५ ते ३५ अंश सेल्सिअसमध्ये. आयफोन ० ते ३५. स्टीम डेकचीही वरची मर्यादा तीच. एरवी एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या कंपन्यांचं पस्तीसवर असं एकमत! भंडाऱ्यात मे महिन्याच्या दुपारी पारा ४२-४५ वर ठाण मांडून असतो. नवतप्यात, म्हणजे मेअखेरीच्या त्या भाजून काढणाऱ्या नऊ दिवसांत, पस्तीस हा आकडा थंडाव्याच्या बातमीत शोभेल. शून्याच्या बाजूने मात्र आम्ही पूर्ण सुरक्षित आहोत. विदर्भाचा उन्हाळा शिक्षण खात्याला कळतो, म्हणून इथल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. म्हणजे खेळायला सर्वांत जास्त वेळ मिळतो तो नेमका यंत्राने खेळू नये अशा दिवसांत.

पंखे वाढवा, पाण्याने थंड होणारं यंत्र घ्या, असं जाणकार सुचवतात. पण पंखा काय किंवा पाणी काय, चिपची उष्णता खोलीतल्या हवेतच सोडणार. खोलीपेक्षा थंड काहीच होणार नाही. चिप तापली की जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करते. म्हणजे मे महिन्यात दमदार यंत्र हे दमदार किमतीचं दुबळं यंत्रच. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०९० हे एकटं कार्ड ५७५ वॅटपर्यंत वीज खातं. लाइन गेल्यावर दोन पंखे आणि चार दिवे कसेबसे तगवणाऱ्या घरच्या इन्व्हर्टरला हे सांगायचं कोणी? एसी बसवावा, तर त्याची किंमत गेमच्या हिशेबात धरायला हवी. शिवाय एसीच्या खोलीत अख्खं घर मुक्कामाला येतं आणि मग टीव्हीवर मालिका चालते. राहिला आपला कूलर. कोरड्या उन्हाळ्यात त्याच्या ओल्या ताट्या खरंच गुण देतात, पण त्याच्या घरघरीत बीजीएमआयमधल्या शत्रूची पावलं ऐकू येत नाहीत, आणि त्या खेळात पावलं ऐकू आली नाहीत की माणूस संपला. हेडफोन घालावेत, तर कान उकडतात.

दुबळ्या यंत्रावर चांगले खेळ येतच नाहीत, हा आक्षेप वजनदार आहे, पण इतिहास त्याच्या बाजूने नाही. निन्टेंडोच्या गुनपेई योकोई यांनी १९८९ मध्ये गेम बॉय आणला तो जुन्या, स्वस्त भागांचा आणि बिनरंगी पडद्याचा. पुढच्याच वर्षी आलेल्या सेगाच्या रंगीत गेम गिअरला सहा सेल लागत आणि ते काही तासांत संपत. गेम बॉय चार सेलवर त्याच्या कितीतरी पट चाले. बाजार कोणी मारला, हे जगजाहीर आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा खेळही ऑगस्ट २०२० मध्ये आधी आला तो निन्टेंडो स्विचवर, तेव्हाच्या दमदार कन्सोलांवर नंतर. स्विचमधली चिप तर २०१५ सालची. अर्थात दुबळ्या यंत्रावर दूरचे डोंगर भुरकट दिसतात, हे मान्य. मेच्या दुपारी खिडकीतूनही ते तसेच दिसतात.

तेव्हा कंपन्यांनी पुढचं यंत्र वातानुकूलित प्रयोगशाळेत तपासण्याऐवजी आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरला, पत्र्याच्या छपराखाली, नवतप्यात तपासावं. जेवणाची, राहण्याची सोय होईल. लाइनची हमी नाही.