आधी आशीर्वाद, मग पास्ता

२०२५मध्ये ईस्टर आला २० एप्रिलला आणि बॉस्टन मॅरेथॉन लगेच दुसऱ्या दिवशी. भाविक धावपटूंची चांगलीच पंचाईत! शर्यत संपते तिथेच, बॉयल्स्टन स्ट्रीटवर, ओल्ड साउथ चर्च आहे. शर्यतीच्या आदल्या रविवारी धावपटूंना आशीर्वाद देण्याची तिथे प्रथाच आहे. अंगात नवंकोरं जाकीट, डोळे भक्तिभावाने मिटलेले, बोट मात्र मनगटावरच्या घड्याळावर: नाडी किती? प्रवचन लांबलं की पोटरी आखडायची धास्ती. संध्याकाळी मित्रमंडळींसोबत पास्त्याच्या परातीच्या पराती. याला हादडणं म्हणायचं नाही बरं, ‘कार्बो लोडिंग’ म्हणायचं! मंगळवारी जिना उतरता आला तर तोच चमत्कार. शर्यतीतली हार्टब्रेक हिल ही टेकडी मात्र ३२ किलोमीटरनंतर येते आणि आशीर्वाद घेतलेल्यांनाही तेवढीच चढावी लागते.